राणी जागेवर

कॅरमच्या उपांत्य फेरीत कादंबरीने राणी घेतली, पाठोपाठ सोंगटी घेऊन कव्हरही केलं, तेवढ्यात पंच म्हणाले, “खुर्ची हलली. फाउल!” खुर्ची हललीच नव्हती. अपील करून ती प्रमुख पंच घरत सरांची वाट बघत बसली. पनवेलमधल्या निम्म्या पोरांना त्यांनीच शिकवलेलं, तिलाही. पण आज ते तिचे सर नव्हते. सर आले, बोर्डाकडे बघून थबकले. लाल राणी पुन्हा मधोमध बसली होती. “अपील चालू असताना सोंगटीला हात लावला, म्हणजे फाउल कबूल. राणी कोनी ठेवली गो?” “मीच, सर. सवयीने. फाउल झाला, की पंचांनी सांगायच्या आत राणी जागेवर ठेवायची, हे तुम्हीच...” “मीच शिकवलं,” सर पुटपुटले. तिच्याकडे न बघता त्यांनी स्ट्रायकर समोरच्या मुलीकडे सरकवला.