आतलं झाकण

“माझ्या नवऱ्याला तुम्ही मारलंत,” एदमे जाको म्हणाली. “लोक म्हणतात दारूनं गेला. दारू नंतर आली. आधी तुमच्या मंडळाची ती एक ओळ आली.”

कारागीर मंडळाकडून आलेला पेरे खुर्चीच्या कडेवर बसला होता. ओला कोटही त्यानं काढला नव्हता. “मादाम, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.”

“मंडळाची खुर्ची तीच आहे ना? मग तिच्यावर बसणाऱ्यानं ऐकायचं.”

ती ओळ तिला पाठ होती. ‘फेर्नाँ जाको, बोटं गंजरी, कामास अपात्र.’ काही माणसांचा घामच असा असतो, की लोखंडाला हात लागला की महिन्याभरात तिथं गंज धरतो. घड्याळाच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. सहासष्टच्या हिवाळ्यात फेर्नाँनं जुळवलेली चाळीस घड्याळं बाजारात गेली आणि एकोणचाळीस आतून गंजून परत आली. कारखान्यानं त्याला काढलं, मंडळानं त्याच्या नावावर काट मारली. उरलंसुरलं ब्रने गावानं केलं. त्याचं नावच ‘गंजक्या’ पडलं. पाववाली त्याच्या हातात पाव देत नसे, फळीवर ठेवायची. अकरा वर्षं त्यानं हे सोसलं आणि मेला.

त्याच्यामागं एदमेनं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं. अलीकडे लोक सेलची घड्याळं घेऊन येत, चावीचं एखादंच. पण दर वर्षी मंडळाला पत्र जायचंच. म्हणणं एकच: घाम त्याचा नव्हता. कारखान्यानं मागच्या झाकणाखाली स्वस्तातल्या रबरी कड्या घातल्या, ओल आत शिरली. शेवटी मंडळानं कंटाळून लिहिलं, न उघडलेलं चाळिसावं घड्याळ आणा, आमच्या माणसासमोर उघडा. खरं निघालं तर नाव परत यादीत आणि वसंतात चौकातल्या दगडावर, बाकीच्या कारागिरांच्या ओळीत.

आणि चाळिसावं सापडलं. एका वीजतंत्र्यानं घेतलं होतं, घालायच्या आधीच तो वारला. बायकोनं कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं, ते आजवर तसंच.

पेरेनं टेबलावर जागा करायला तिचं विणकाम उचललं. “सुया गंजल्यात तुमच्या.”

“नदीचं धुकं. या गावात काय गंजत नाही? सदतीस वर्षं तेच लिहितेय तुम्हाला. वाचता कुठं?”

पेरेनं फाइल उघडली. “इथं लिहिलंय, चौकशीत फेर्नाँना गंजलेली झाकणं दाखवली. त्यांनी भिंग लावून एकेक पाहिलं. म्हणाले, मला काही बोलायचं नाही. आणि सही केली.”

“भेदरला होता. पाच कोटवाले समोर बसवलेत तुम्ही.”

“पण एक शब्दही नाही, मादाम? आयुष्याचं इतकं नुकसान होतंय आणि...”

“मला विचारायचं होतं! मी सांगितलं असतं.” तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “त्या आठवड्यात तो तापानं फणफणला होता. घोंगडी पांघरून घरीच कामाला बसला, इथंच, या टेबलाशी. मी सूप करून द्यायची, झाकणं दाबून द्यायची, खोक्यात भरायची. हात थरथरत होते त्याचे, तरी सोमवारी चाळीसच्या चाळीस पोचती केली. असा माणूस हलगर्जी? आणि हे कोण ठरवणार, तर मनगटावर सेलचं घड्याळ बांधणारे तुम्ही.”

पेरेनं बाही खाली ओढली. “उघडूया.”

एदमेनं खोक्यातून रबराच्या टोप्या काढल्या आणि एकेका बोटावर चढवायला लागली. उजव्या अंगठ्याशी नेहमीप्रमाणं अडलं. लहानपणी बर्फावरच्या स्लेजच्या पात्यानं तो तिरपा कापला होता, त्याचा वण जाड राहिला होता.

“अजून घालता या? आता बरेच जण घालत नाहीत.”

“त्याची शपथ आहे. नोकरी गेली त्याच दिवशी हे असलं खोकं आणून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाला, दुरुस्तीचं दुकान काढू, तुला सगळं शिकवतो, पण यांच्याशिवाय घड्याळाला बोट लावायचं नाही. कधीच नाही.” ती पहिल्यांदाच जरा हसली. “स्वतःचा संसार बुडालेला, आणि याला माझ्या हातांची काळजी. तुम्ही असल्या माणसाला मारलंत.”

तिनं घड्याळ पकडीत धरलं आणि किल्ली फिरवली. मागचं झाकण कुरकुरत सुटलं.

रबरी कडी शाबूत होती. मऊ, कोरडी. एदमेनं ती चिमट्यानं ताणून पाहिली. मग पुन्हा ताणून पाहिली.

“कडी चांगली आहे,” पेरे म्हणाला आणि त्यानं तसं लिहिलं.

कडीच्या खाली मऊ लोखंडाचं आतलं झाकण होतं. चुंबकापासून यंत्र जपायला ते घालतात, अंगठ्यानं दाबून बसवतात. एदमेनं डोळ्याला भिंग लावलं.

झाकणाच्या मधोमध तपकिरी अंगठा उमटला होता, रेघ न रेघ मोजावी इतका स्पष्ट. आणि त्याला तिरपी छेदून एक पट्टी गेली होती. तेवढीच चकचकीत, तिथं गंज धरला नव्हता.

भिंग तिच्या डोळ्यावरून निसटून टेबलावर पडलं. उजवी मूठ आपोआप मिटली, अंगठा आत घेऊन.

पेरेनं भिंग उचललं आणि बराच वेळ वाकून पाहिलं. मग त्यानं पेनाचं टोपण काढलं. आता त्याचा आवाज अगदी सौम्य होता.

“मादाम, सदतीस वर्षं तुम्ही उत्तर मागताय. आज मला तुमच्याकडून एकच शब्द हवा आहे. नवऱ्याचा अंगठा तुमच्याइतका कोण ओळखणार? हा फेर्नाँचाच ना? हो, की नाही?”