मिंटीच्या उशाचा कांदा

उशाशी ठेवलेली ताटली सकाळी पुन्हा रिकामी होती. निजायच्या आधी डोव्हीने स्वतः कांदा चिरून तीत ठेवला होता. आता नुसता तपकिरी डाग उरला होता. शेजारी तिची पाच वर्षांची मिंटी तापाने फणफणली होती आणि सासू, झेल्फा, चुलीपाशी पाठ करून रस्सा ढवळत होती.

"आई, कांदा कुठे टाकलात?"

"टाकायचा तिथे टाकला. त्या ताटलीला तू हात लावायचा नाहीस, किती वेळा सांगू?"

केंटकीच्या त्या डोंगरांत त्या हिवाळ्यात फ्लूने एक घर सोडलं नव्हतं. डॉक्टर खाली गावात, आणि तोच अंथरुणाला खिळलेला. राहता राहिला कांदा. मोज्यांत कांद्याच्या चकत्या, छातीवर भाजलेल्या कांद्याचा शेक, आणि उशाशी चिरलेला कांदा. तो खोलीतला रोग ओढून घेतो. सकाळी काळा पडला की समजायचं, ओढतोय. मग तो ओढ्यापलीकडे नेऊन खोल पुरायचा.

"आणि चुकूनसुद्धा कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका," शेजारच्या हेस्टरमावशीने उंबऱ्याबाहेरूनच बजावलं होतं. "जो खाईल त्याच्या अंगात तो रोग उतरतो. न्यूटच्या डुकरिणीने खाल्ला. दुपारी आडवी." हेस्टरमावशीला दुसऱ्याच्या घरचं आजारपण बघायला कुठलाही चढ जड वाटत नसे. पण कांद्याच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे बायबलच्या खालोखाल.

डोव्हीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. झेल्फाचा हात आखडता. कोबीचं वाळकं पान टाकायचं तिच्या जिवावर यायचं. माळ्यावर टांगलेल्या कांद्यांच्या वेण्या संपत आल्या होत्या, तरी रश्श्यात रोज कांदा असायचा. मिंटीला त्याचेच दोन घोट पाजायचे. आणि झेल्फा स्वतः मात्र त्या रश्श्याला तोंड लावत नव्हती. पोट भरलंय म्हणायची. कशाने, देव जाणे.

डोव्ही बादली घेऊन ओढ्यावर गेली. पाण्याच्या कडेला बर्फ धरला होता. ओढ्यावर टाकलेल्या फळीवर बर्फाचा जाड थर होता आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. पलीकडची जमीन दगडासारखी गोठलेली. तिथे कित्येक दिवसांत कुणी काही पुरलं नव्हतं.

ती रिकाम्या बादलीने परत आली. चुलीवरचं पातेलं फडक्याने उचललं आणि सगळा रस्सा दाराबाहेर बर्फात ओतून दिला. कांद्याची साल फुकट गेली तरी घर डोक्यावर घेणारी झेल्फा नुसती बघत राहिली. डोव्हीला वाटलं, चोर पकडला गेला की असाच गप्प बसतो.

अंधार पडायच्या आत मिंटी गेली.

थडगं खणायला जमिनीवर आधी जाळ करावा लागला. शेजारीपाजारी आले ते एकमेकांपासून हातभर अंतर राखून उभे राहिले. पेटी अगदी एवढीशी होती. न्यूटने एकट्यानेच उचलली. पोरीचा बाप, वायली, लढाई संपली म्हणून फ्रान्सहून घरी यायला निघाला होता आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती पेटी बघताना डोव्हीच्या डोळ्यांसमोर सारखं तेच येत होतं, तो दारात येईल आणि आधी पोरीला हाक मारील.

"एवढे कांदे ठेवले, तरी कसं झालं असं?" हेस्टरमावशी पुटपुटली. "नीट पुरले नसतील कुणीतरी."

डोव्हीच्या अंगाचा भडका उडाला.

"पुरलेच नाहीत," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "ओढ्यापलीकडे एक पाऊल नाही या बाईचं. माळ्यावरचे वाचवायचे म्हणून पोरीच्या उशाचे कांदे पोरीच्याच रश्श्यात घातले. स्वतः मात्र शिवली नाही. आई, वायलीला काय सांगणार आहात तुम्ही?"

माणसं आणखी दोन पावलं मागे सरली. न्यूटने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

झेल्फा पेटीकडे बघत होती. तिचे ओठ सोललेले होते, कडा लाल. आज उजेडात ते पहिल्यांदाच डोव्हीच्या नजरेला पडलं.

"रश्श्यात माळ्यावरचे घातले, चांगले निवडून," ती म्हणाली. "उशाचे मी खाल्ले. कच्चे, काळे, रोजच्या रोज."

"मला का नाही सांगितलंत?" डोव्हीने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू खाल्ले असतेस. वायली आला की त्याला पोर लागेल, बायको लागेल. आई काय, जायचीच असते कधीतरी." म्हातारीने हातातली माती पेटीवर सोडली. मग हेस्टरमावशीकडे वळून, कुणाला तरी विचारायलाच हवं म्हणून विचारावं तसं, तिने विचारलं, "सगळे खाल्ले गं मी. मग मला साधी शिंकसुद्धा का नाही आली?"