तिसऱ्या बेसला पाय

"पाय लागला नाही!" ऑल्विन बाकावर उभा राहून ओरडला. "तिसऱ्या बेसला त्याचा पाय लागलाच नाही!"

ऐकतो कोण? लेक रोझिना गावाने एकोणीस वर्षांनी मायर्सव्हिलला बेसबॉलमध्ये हरवलं होतं, तेही शेवटच्या फटक्यावर. अख्खं गाव मैदानात घुसलं होतं आणि कर्टला खांद्यावर घेऊन नाचत होतं. कर्ट दुधाचा टँकर चालवतो, पण पळायला लागला की वाऱ्याला दम लागावा. दुसऱ्या बेसवरून सुटला तो तिसरा ओलांडून थेट होमवर, म्हणजे शेवटच्या बेसवर, येऊन पालथा पडला. ओलांडून म्हणजे खरोखरच ओलांडून. बूट आणि बेस यांच्यात चांगली वीतभर माती होती, आणि बेसला पाय लागल्याशिवाय धाव धरत नाहीत.

ऑल्विनने ते स्वच्छ पाहिलं होतं. आणि पाहूनही आधी टोपीच उडवली होती.

मग त्याची नजर अंपायरकडे गेली. तो जागचा हलला नव्हता. मायर्सव्हिलच्या खेळाडूंकडे टक लावून उभा होता. त्यांच्यातल्या एकाने नुसतं विचारलं असतं, तर त्याने कर्टला तिथेच बाद दिलं असतं. पण न विचारता अंपायर बोलत नाही, तसा नियमच आहे. आणि मायर्सव्हिलवाले हातमोजे आपटत, एकमेकांच्या नावाने बोटं मोडत गाड्यांकडे निघाले. शेवटचा माणूस रेषेबाहेर पडला, विचारायची मुदत संपली, तसे अंपायरने खांदे उडवले, बॅग उचलली आणि तोही गेला.

"चोरलीय मॅच! आपण चोरलीय!"

"अरे, दाढी चाललीय त्याची, म्हणून बोंबलतोय," सॉसेज भाजणाऱ्या नॉर्बने चिमटा हलवत सांगितलं, आणि सगळे खो खो हसले.

दाढीचं असं होतं, की मायर्सव्हिलला हरवल्याशिवाय वस्तरा लावणार नाही, असं ऑल्विनने एकोणीस वर्षांपूर्वी भर मैदानात जाहीर केलं होतं. तेव्हापासून ती वाढत वाढत पट्ट्याखाली उतरली. एका उन्हाळ्यात तिच्यात चिमणीने अंडी घातली, तर पिल्लं उडेपर्यंत या पठ्ठ्याने मान वळवली नाही. ट्रॅक्टरसुद्धा नाकासमोर चालवला, तो शेजाऱ्याच्या मक्यातून पार तळ्यात. विचारा कुणालाही. जत्रेत भोपळ्याच्या शेजारी बसून तिने दोनदा बक्षीस मिळवलं होतं. एवढ्या दाढीवर जीव जडणारच.

"दाढीसाठी?" ऑल्विनचा आवाज चिरकला. "चाळीस वर्षं या बाकावर बसतोय मी! गारा खाल्ल्या, डास खाल्ले, नॉर्ब, तुझे सॉसेजसुद्धा खाल्ले! एकोणीस वर्षं हरलो, पण खरं हरलो. आणि आज जिंकायची वेळ आली, तर हे असं?"

"मग ते मैदानात होते तेव्हा का नाही ओरडलास?"

"तेव्हा मी नाचत होतो!"

पुन्हा हशा. ऑल्विनचे कान लाल झाले. हसण्यापेक्षाही, ते खरं होतं याचा त्याला संताप आला होता.

त्याची बायको लिओना मेंढ्यांची कातर घेऊन आलीच. एकोणीस वर्षं मायर्सव्हिलच्या प्रत्येक मॅचला ती कातर गाडीत ठेवून आणायची आणि तशीच परत न्यायची. "बस इथे," तिने बिअरचा रिकामा क्रेट उलटा केला.

"थांब जरा. कर्ट! खाली उतर आणि सांग यांना."

कर्ट खांद्यावरून उतरला. "काका, मी पळत होतो हो. पायाखाली काय होतं, कोण बघतंय?"

"बघायला कशाला पाहिजे? पायाला कळतं!"

"नाही, म्हणजे..." कर्टने मान खाजवली. "दाढी जाणार म्हटल्यावर तुम्हालाही तसंच दिसणार ना, काका."

ऑल्विनने एकदा नॉर्बकडे, एकदा कर्टकडे बघितलं आणि तो क्रेटवर जाऊन धपकन बसला.

"काप."

"खरंच?" लिओनाने विचारलं.

"बुडापासून. एक केस ठेवू नकोस."

कातर चालू लागली. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग मोजून बारा कचके झाल्यावर टाळ्या सोडून माना पुढे काढल्या. दाढी लिओनाच्या एप्रनमध्ये ढीग होऊन पडली. सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी हनुवटी आतून बाहेर आली. लिओनाने तिच्यावर अंगठा फिरवला आणि तसाच ठेवला.

"अगबाई," ती हळूच म्हणाली, "इथे खळी होती. मी विसरूनच गेले होते."

ऑल्विनने तिचा हात बाजूला केला. उठला, आणि तोंडावर ऊन घेत थेट कर्टच्या समोर जाऊन उभा राहिला. दाढीवाला ऑल्विन पुष्कळांनी पाहिला होता, पण हा चेहरा त्या गर्दीतल्या निम्म्या लोकांना नवाच होता.

"आता माझं जायचं ते गेलं," तो म्हणाला. "आता वाचवायला काही नाही माझ्याकडे. आता सांग. पाय लागला होता?"

कर्टने बुटांकडे पाहिलं. मग तिसऱ्या बेसकडे. नॉर्बचे सॉसेज करपायला लागले, पण त्यानेही चिमटा हलवला नाही. कर्टने तोंड उघडलं.

"सांगू नकोस रे बाबा," लिओना म्हणाली, एप्रन पोटाशी घट्ट धरून. "आता परत चिकटवता नाही यायची."