चुंबळ

चितेगावच्या अलीकडं संध्यानं गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि पाय बाहेर टाकायला गेली, तर पाय हललाच नाही. माकडहाडातून कळ निघाली ती थेट मानेत. तिनं स्टेअरिंगला कपाळ टेकवलं आणि दात आवळून एक शिवी दिली. शिवी सीटला होती.

बाजूला बसलेली सासू गीताबाई लेकीकडं बिडकीनला निघाली होती. ती म्हणाली, "काय झालं गं?"

"काय नाय आत्या. जरा थांबते."

सीटच्या मधोमध फोम मेला होता. आतली लोखंडी पट्टी बरोबर हाडाला ठेचायची. पाठीला आधार म्हणून दिलेला फुगवटा संध्याच्या खांद्यापाशी यायचा, कारण सीट बनवणाऱ्यानं चालवणारा पुरुषच धरला होता, तोही उंचापुरा. तिनं उशी घेऊन बघितली, ती सरकली. चादरीची घडी घातली, ती दबली. गाडीच्या मालकाला सांगितलं, तो हसला.

त्याच मालकाचा, बद्रीनाथचा, फोन वाजायला लागला. संध्यानं स्पीकर लावला.

"गाडी थांबलेली दिसायली मला इथं मोबाईलवर. पुन्हा कंबर का?"

"कंपनीची पाळी सुटायच्या आत पोचते साहेब."

"कंपनीची माणसं आज ताटकळली ना बाई, तर संध्याकाळी किल्ली आणून द्यायची. चालवायला लई पोरं हायत माझ्याकडं. कंबर नसलेली."

फोन कट झाला. संध्यानं पुन्हा सरळ बसून बघितलं. पट्टी लागली. तोंडातून आवाज निघाला तो तिला आवरता आला नाही.

गीताबाई काचेबाहेर बघत होती. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. बाया घमेल्यातून खडी वाहत होत्या. गीताबाईनं दार उघडलं आणि खाली उतरली.

"आत्या, कुठं?"

गीताबाई तरातरा चालत पहिल्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"बाय, तुझी चुंबळ दे की."

घमेल्याखालून त्या बाईनं डोळे वर केले. "काय?"

"चुंबळ. माझ्या सुनंला. सीट रुततीय तिच्या हाडाला, बसवंना."

"ती चालवती?"

"व्हय."

"गाडी?"

"मग काय रोलर?"

बाई हसली. मागच्या बाईनं हात लावला, दोघींनी घमेलं खाली उतरवलं. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली. जुन्या लुगड्याच्या चिंध्या वळून केलेलं, सुतळीनं करकचून बांधलेलं कडं. ओझ्याखाली दबून दबून ते लाकडासारखं टणक झालं होतं. नवी वळलेली काही कामाची नव्हती, वर बसलं की चपटी झाली असती. हे गीताबाईला ठाऊक होतं. त्या बाईलाही ठाऊक होतं, आणि आपल्या टाळूला आता नवी चुंबळ मुरेपर्यंत काय सोसायचंय तेही.

तरी ती बाई चुंबळ घेऊन गाडीपाशी आली.

"ऊठ पोरी."

संध्या दाराला धरून कशीबशी उभी राहिली. तिच्या लक्षात आलं तशी ती मागं सरली. "नाय मावशी. तुमची डोक्यावरची वस्तू. मी खाली कशी घेऊ?"

"डोकं काय अन् ढुंगण काय," ती बाई म्हणाली, "दुखतं ते सारखंच."

तिनं चुंबळ सीटवर ठेवली, मुठीनं दाबून बघितली, थोडी मागं सरकवली. "मधी भोक असतंय ना, तिथं हाड येऊ दे. वजन कडंवर बसतं. जिथं दुखतं तिथं काय लागत नाय. बस."

संध्या बसली. डोळे मिटून वाट बघितली. जुना ठणका होता, पण ठेचणारं काही नव्हतं. डोळे उघडले तर समोरचं बॉनेट पहिल्यांदाच नीट दिसत होतं. बोटभर उंच झाली होती ती.

"लागतंय?"

"नाय," संध्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

तिकडून मुकादम ओरडला, "ए द्वारके! पंगत बसली का तिथं?"

"आले की! पळून जात नाय तुझा रोड!"

द्वारका वळणार तेवढ्यात गीताबाईनं मागचं दार उघडलं. मागच्या सीटला पांढराशुभ्र टॉवेल घातलेला होता, मोठे साहेब बसतात तिथं. रोज धुतलेला पाहिजे असा बद्रीनाथचा नियम होता. गीताबाईनं तो ओढून काढला.

"आत्या! मालकाचा हाय तो!"

"मग काय झालं? मालकाच्याच सीटनं तुझं हाड खाल्लं." तिनं टॉवेल द्वारकाच्या हातात कोंबला. "बोडक्या डोक्यानं घमेलं उचलू नको बाय."

द्वारकानं टॉवेलावरून हात फिरवला. "लई मऊ हाय गं," म्हणाली, आणि एका हाताला गुंडाळत, पीळ देत चालायला लागली.

"मावशी, तुमचं..." संध्यानं दारातून मान बाहेर काढली.

"काय नाय माझं," द्वारका न वळता म्हणाली. "बघून चालव तेवढं. आम्ही कडंलाच असतोत."

संध्यानं गाडी सुरू केली. गीताबाई बाजूला येऊन बसली, पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चल आता. पोच वेळेत."

आरशात द्वारका दिसत होती. डोक्यावर साहेबाच्या टॉवेलची पांढरी चुंबळ, तिच्यावर खडीनं भरलेलं घमेलं. संध्यानं हॉर्न दिला.

ओझ्याखाली मान वळत नाही. द्वारकाचीही वळली नाही. एका हातानं तिनं घमेलं धरलं होतं. दुसरा हात वर गेला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत वरच राहिला.