आपट्याभोवतीचा डाव

डाव ऐन रंगात आला असतानाच पिराजी कोयता घेऊन टेकाडावर आला. बालवाडीची सतरा मुले आपट्याच्या झाडाभोवती हात गुंफून उभी होती. त्यांच्या कड्यात शिक्षिका अक्काताईही होत्या. पिराजी हा बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचा शिपाई. त्याने कोयता पाठीमागे धरला, कारण कड्यातली निम्मी पोरे त्याला मामा म्हणत.

‘ताई, पोरांस्नी जरा बाजूला घ्या. चार फांद्या उतरायच्या हायत. पावणं येत्यात दहाला.’

‘अण्णांना कालच सांगितलंय मी. ह्या झाडाला हात लावू देणार न्हाय.’

‘मला सांगून काय उपयोग? अण्णा मागनं येत्यातच की.’

सन १९९८ चा आश्विन होता. दसरा दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी सुट्टी, म्हणून सोने देण्याचा समारंभ आजच योजला होता. कोल्हापूरहून येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती प्रत्येक बालकाने आपट्याच्या पानांची जुडी ठेवावी, अशी संस्थेचे अध्यक्ष नागाप्पा, म्हणजेच अण्णा, यांची इच्छा होती. कोडोलीच्या त्या उतारावर आपट्याचे एवढे एकच झाड उरले होते. मागील दसऱ्याला लोकांनी ते पार ओरबाडले, आणि पुढचा पावसाळा अर्धा सरेपर्यंत त्याने अंग धरले नव्हते.

शरद ऋतू चार भिंतींत शिकवता येत नाही, अशी अक्काताईंची धारणा होती. म्हणून महिनाभर त्यांची बालवाडी ह्या झाडाखाली भरत होती. गळालेल्या पानावर कागद ठेवून खडू घासला की शिरा उमटत, आणि मुले त्या शिरांतून बोट फिरवीत आपल्या घरची वाट शोधत. जोडपान मधोमध दुमडून दोन्ही बाजू जुळतात का, हे ती पाहत. गवताच्या तुऱ्यांनी बेरजा होत. चतुर किडा जवळ येऊन बसला की सगळी श्वास रोखून धरत. पडलेले पान उचलावे, लागलेले तोडू नये, हा अक्काताईंच्या जैन घरातला नियम आता सतरा घरांत पोहोचला होता. प्रत्येक मुलाची एक डहाळी ठरली होती. भूमिकाच्या डहाळीला फुलपाखराचा कोष लटकत होता. ती रोज त्याला ‘उठलास का’ म्हणून विचारून येई.

भूमिका ही नागाप्पांची नात.

नागाप्पा धापा टाकीत वर आले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसले.

‘अक्काताई, हे काय मांडलंय? पावण्यांसमोर गावाची लाज घालवतासा व्हय?’

‘खेळ चाललाय, अण्णा.’

‘पुरे झाला खेळ. हात सोडाय सांगा पोरांना. न्हाईतर दिवाळीनंतर बालवाडीत पाय ठेवायचा न्हाय तुम्ही.’

अक्काताईंच्या घरात मिळवते दुसरे कोणी नव्हते. हे नागाप्पांना ठाऊक होते. अक्काताईंनी एकदा झाडाकडे पाहिले. मग मुलांकडे.

‘मुलांनो, हात सोडा,’ त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

कडे अधिकच आवळले.

पिराजीला नवल वाटले. ह्या बाईंनी नुसते ओठांवर बोट ठेवले तरी ही मुले गप्प होत.

‘जरा दमात घ्या की त्यांना,’ नागाप्पा म्हणाले.

‘झाडापासून लांब व्हा. सगळ्यांनी.’

मुले दोन पावले पुढे सरकली आणि खोडाला भिडली. कोणी तरी खुदकन हसले. नागाप्पांचा चेहरा लाल झाला.

‘भूमे, तू तरी हिकडं ये. अज्जा बोलावतोय न्हवं?’

भूमिकाने बाईंकडे पाहिले.

‘जा. अज्जांकडं जा,’ अक्काताई म्हणाल्या.

भूमिकाने खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

‘बघ, पिराजी,’ नागाप्पा म्हणाले. ‘चार वर्सांचं पोर ह्यांचं ऐकत न्हाय. आणि आम्ही ह्यांना बाई म्हणून ठेवलंय. चल, उचल कोयता.’

पिराजी हलला नाही. ‘मालक, पोरांत कोयता न्हाय चालवायचा मी. शाळंमागं कांचन हाय, त्याची पानं आणतो. दिसाय तशीच असत्यात. कोल्हापूरच्या पावण्यांस्नी काय कळतंय?’

‘खोटं सोनं देऊ व्हय मी पावण्यांना?’

‘मग खरं तुम्हीच तोडा.’

पिराजीने कोयत्याची मूठ पुढे केली. नागाप्पांनी तिच्याकडे पाहिले. मग खोडाला गाल लावून उभ्या असलेल्या नातीकडे पाहिले. खाली वेशीवर पाहुण्यांच्या जीपचा हॉर्न वाजला. त्यांनी मूठ धरली नाही.

‘दिवाळीनंतर दुसरी बाई बघतो,’ टोपी घालता घालता ते म्हणाले. ‘जिचं पोरं ऐकतील, अशी.’

‘बघा,’ अक्काताई म्हणाल्या. त्यांची मान खाली गेली नाही.

दोघे पुरुष उतरून गेले. वळणावर पांढरी टोपी दिसेनाशी होईपर्यंत मुले झाडाला चिकटून राहिली. मग हात धरून धरून दंड दुखू लागलेल्या छोट्या सम्मेदने विचारले,

‘बाई, आज उलट्या खेळात कोण आऊट झालं?’

‘कुणीच न्हाय.’

अक्काताईंनी त्या सगळ्यांवरून एकवार नजर फिरवली. अध्यक्षांसमोर लावला होता तोच करडा आवाज त्यांनी पुन्हा लावला. ‘खबरदार, आता कुणी जागचं हलायचं न्हाय,’ त्या म्हणाल्या, आणि सतराच्या सतरा मुले हात सोडून उतारावरून धावत सुटली.