न उघडायची पिशवी

"घाल हात ढिगात," ताई म्हणाली. "जपून, आत गरम आहे."

धाकट्या भावाने बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर खत बाहेर काढून त्याने तळवा उघडला. खत काळंभोर झालं होतं, भुसभुशीत, पण त्यात हिरव्या चिंध्या होत्या. काही बोटाएवढ्या, काही नखाएवढ्या. त्याने एक चिंधी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. ती ताणली गेली, तुटली नाही.

शहराचा ओला कचरा इथे यायचा आणि काही आठवड्यांनी खत होऊन बाहेर पडायचा. ताई या प्रकल्पाची प्रमुख होती. भावाचा पिशव्यांचा कारखाना होता. त्याच्या हिरव्या पिशव्यांवर ठळक छापलेलं असायचं : 'कंपोस्टेबल. कचऱ्याबरोबर कुजते.' फाटकावरच्या माणसांना ताईने सांगून ठेवलं होतं, साध्या पिशव्या फाडून रिकाम्या करा; कंपोस्टेबल लिहिलेली उघडायची नाही, तशीच ढिगात जाऊ द्या.

"या माझ्याच कशावरून?" भावाने विचारलं.

ताईने खिशातून एक मोठा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. तोही ढिगातूनच निघाला होता. त्यावर कारखान्याचं नाव होतं आणि खालची ओळही.

"नाव राहू दे," ती म्हणाली. "'कुजते' हा शब्दसुद्धा कुजलेला नाही."

भावाला हसू आलं नाही. "चाचणीत पास झाली होती ना? तूच म्हणाली होतीस, मागे काही उरलं नाही म्हणून."

"ती पिशवी वेगळी होती. ही ती नाही. काय घातलंस यात?"

त्याने हातातलं खत ढिगावर टाकलं. "फाटायच्या गं त्या. ओला कचरा भरला की जिन्यातच बूड सुटायचं. लोक तिथूनच फोन करून शिव्या घालायचे. मग थोडं साधं प्लास्टिक मिसळलं. अगदी थोडं."

"आणि छपाई?"

"छपाई तीच राहिली."

"राहिली, की ठेवलीस?"

मागे कचऱ्याची गाडी रिकामी होत होती. फाटकावरच्या माणसाने एक हिरवी पिशवी उचलली, वरचं छापील वाचलं आणि ताज्या कचऱ्याच्या ढिगाकडे भिरकावली.

"ताई, थोडे दिवस दे मला," भाऊ म्हणाला. "मिश्रण पहिल्यासारखं करतो. गुपचूप करतो, कुणाला पत्ता लागणार नाही. तोवर तू महापालिकेला तुझा अहवाल पाठवू नकोस. त्यांचं पिशव्यांचं कंत्राट गेलं तर कारखान्याला टाळं लागेल. माझी माणसं कुठे जातील?"

"अहवाल सकाळीच गेला, छोट्या."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मला आधी सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू धावत आला असतास. आणि मग माझ्याच्याने तो पाठवला गेला नसता."

"बहीण आहेस की वैरीण?"

ताईने पाण्याची बाटली उघडली. "हात पुढे कर. काळा झालाय."

त्याने हात पुढे केला. तिने पाणी ओतलं, त्याने चोळून चोळून धुतला.

तेवढ्यात एक छोटा टेम्पो उलटा येत ढिगापाशी थांबला. त्यातून रोपवाटिकेची मालकीण उतरली. दर आठवड्याला ती इथूनच खत न्यायची. ढिगाकडे नजर जाताच ती जागीच थांबली.

"मॅडम, हे काय?"

"आज खत देता यायचं नाही," ताई म्हणाली. "ढीग बाद केलाय."

"असं कसं? मी रोपं कुंड्यांतून काढून ठेवलीत, मुळं उघडी पडलीत. संध्याकाळपर्यंत माना टाकतील."

ताईने क्षणभर विचार केला. "त्या कडेच्या भागात चिंध्या कमी आहेत. तिथलं न्या. पण चाळून, आणि उरलेले तुकडे हाताने वेचून. मी समोर उभी राहणार."

"वेचते. न वेचून सांगते कुणाला?" बाई टेम्पोतून चाळण ओढू लागली. दाराएवढ्या लाकडी चौकटीला बारीक जाळी ठोकलेली होती. एका माणसाला ती पेलणारी नव्हती. "मी स्वतः घरचा कचरा याच पिशव्यांत घालते हो. चार पैसे जास्त मोजून. म्हटलं, आपल्याच रोपांना खत होऊन परत येईल. आलं बघा परत! कुणाच्या आहेत या पिशव्या?"

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. ती भावाकडे न बघता टेम्पोच्या चाकाकडे बघत राहिली.

"माझ्या," भाऊ म्हणाला.

बाईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, वर सारलेली एक बाही, चकचकीत बूट. आता ती तोंड सोडणार, असं ताईला वाटलं. भावालाही वाटलं असावं. त्याने मान खाली घातली.

"मग उभे काय राहिलात?" बाई म्हणाली. "धरा की दुसरी बाजू."

त्याने बूट काढून कडेला ठेवले आणि चौकट धरली. ताईने फावडं उचललं.