स्कॅननंतरची कोथिंबीर

"बघ, मी मुद्दाम विसरत नव्हतो," दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मुकुंदराव मेंदूच्या स्कॅनचं पाकीट बायकोपुढे नाचवत म्हणाले. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, तरी यांचा चेहरा कोर्टात केस जिंकल्यासारखा. शैलजाताईंनी मात्र मनाशी ठरवलं, आता यांच्यावर कधी ओरडायचं नाही.

संध्याकाळी कोथिंबीर आणायला गेलेले मुकुंदराव केळी घेऊन आले. शैलजाताई गोड हसल्या. "असू दे हो. छान आहेत केळी."

मुकुंदराव मटकन खुर्चीत बसले. "खरं सांग, डॉक्टर तुला एकटीला काय म्हणाले? फार दिवस नाहीत का माझे?"

शैलजाताईंनी डोळे पुसले आणि पदर खोचला. "अहो, कोथिंबीर हिरवी असते. लक्ष कुठे असतं तुमचं?"

आवाज पार जिन्यापर्यंत गेला, तेव्हा मुकुंदरावांनी निवांत एक केळं सोललं.